बाटली हरवली म्हणून एवढा राग? मुलं वाढवतानाच्या स्ट्रेसबद्दल जरा सविस्तर

संध्याकाळचे पावणेआठ वाजले होते, कुकरची दुसरी शिट्टी झालेली, लॅपटॉपवर एक मेल अर्धवट पडलेला, आणि मुलगा दप्तर उघडून म्हणाला, "आई, बाटली नाहीये." महिन्याभरातली तिसरी बाटली. मी जी ओरडले ती त्या साडेतीनशे रुपयांच्या बाटलीसाठी नव्हती हे मला ओरडतानाच कळत होतं, तरी थांबता येत नव्हतं. सात वर्षांचं पोर हातात डबा धरून तसंच उभं राहिलं. रात्री तो झोपल्यावर मी त्याच्या पायाशी बसून बराच वेळ विचार करत होते की हे झालं काय नक्की. मी वाईट आई आहे, की मला काहीतरी होतंय, की घरोघरी हेच चालतं आणि कुणी बोलत नाही?

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. मी सायकॉलॉजिस्ट नाही, पण जे समजलं ते जर मला पाच वर्षं आधी कुणी साध्या मराठीत सांगितलं असतं तर बऱ्याच रात्री बऱ्या गेल्या असत्या, म्हणून लिहितेय.

आधी एक बातमी. अमेरिकेत सर्जन जनरल नावाचं पद असतं, म्हणजे देशाचा सार्वजनिक आरोग्याचा मुख्य डॉक्टर म्हणा. याच पदावरून 1964 साली सिगारेटच्या धोक्यांबद्दलचा तो प्रसिद्ध रिपोर्ट आला होता. 28 ऑगस्ट 2024 ला तेव्हाचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती (घराणं मूळचं कर्नाटकातलं, स्वतः दोन मुलांचे वडील) यांनी एक जाहीर सूचना काढली, आणि तिचा विषय होता आईवडिलांचा स्ट्रेस. त्यात एका सर्व्हेचे आकडे होते: जवळजवळ रोजच स्ट्रेस पूर्णपणे हाताबाहेर जातो असं सांगणारे आईवडील 48 टक्के, आणि घरात लहान मुलं नसलेल्या मोठ्या माणसांत हेच प्रमाण 26 टक्के. म्हणजे सिगारेटच्या रांगेत आता हा विषय येऊन बसला. बातमी आली तेव्हा माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी "तिकडचं काय सांगू नका" म्हणून ती सोडून दिली. त्या आक्षेपाकडे मी येणारच आहे, पण आधी मुळापासून सुरुवात करते.

स्ट्रेस म्हणजे काम नव्हे

आपण म्हणतो "ऑफिसचा स्ट्रेस आहे", "परीक्षेचा स्ट्रेस आहे", जणू स्ट्रेस बाहेर कुठेतरी ठेवलेली वस्तू आहे आणि ती आपल्या डोक्यावर येऊन पडते. हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञाने 1936 साली वेगळं मांडलं. त्याचं म्हणणं, बाहेरून काहीही आदळो, आजार असो, थंडी असो, शरीर त्याला ठराविक पद्धतीने उत्तर देतं, आणि त्या उत्तराचे तीन टप्पे असतात. आधी धोक्याची घंटा, मग तग धरणं, आणि भार तसाच राहिला तर शेवटी थकून कोसळणं.

ज्यांनी आपल्याकडचं भारनियमन अनुभवलंय त्यांना हे इन्व्हर्टरवरून लगेच कळेल. लाइट जाते, इन्व्हर्टर टक् करून चालू होतो, हा पहिला टप्पा. मग घरात पंखे फिरतायत, ट्यूब चालू आहे, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सगळं छान चाललंय, पण आत बॅटरी उतरत असते, हा दुसरा. आणि मग अचानक अंधार. तो अंधार "अचानक" नसतो, आपण बॅटरीकडे बघितलेलं नसतं एवढंच. आता यात महत्त्वाचं काय, तर इन्व्हर्टर वापरला म्हणून बिघडत नाही, तो त्यासाठीच असतो. बिघडतं कधी, तर मधे लाइट येतच नाही आणि बॅटरी परत भरतच नाही तेव्हा. मूल तापाने फणफणलंय म्हणून तीन रात्री जागलो, चौथ्या दिवशी आई आली आणि आपण सहा तास झोपलो, तर शरीर सावरतं. चौथ्या दिवशीही कोणी आलं नाही, आणि मग महिनाभर कोणीच आलं नाही, तर ती वेगळी गोष्ट होते.

पण एक प्रश्न राहतोच. तीच बाटली रविवारी सकाळी अकराला हरवली असती तर मी "बरं, उद्या बाईंना विचार" एवढंच म्हटलं असतं. मग गुरुवारी पावणेआठला आकाश का कोसळलं? याचं उत्तर रिचर्ड लॅझरस आणि सुझन फोकमन या दोघांनी 1984 मध्ये फार छान दिलंय. कुठलीही गोष्ट समोर आली की मन नकळत दोन प्रश्न विचारतं. एक, हे माझ्यासाठी अडचणीचं आहे का? आणि दोन, मला हे आत्ता झेपणार आहे का? स्ट्रेस होतो तो पहिल्याचं उत्तर "हो" आणि दुसऱ्याचं "नाही" आलं की. रविवारी बाटली गेली तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आरामात "हो" येतं. गुरुवारी आठवड्याभराची झोप राहिलेली, मेल शिल्लक, उद्याचा डबा शिल्लक, त्यामुळे मन म्हणतं "आता हे पण? नाही झेपणार". मला हे वाचून पहिल्यांदा जरा हायसं वाटलं, कारण दोष बाटलीचा नव्हता, पोराचा नव्हता, आणि माझ्या प्रेमाचा तर नव्हताच.

ओरडताना थांबता का येत नाही

मेंदूत अमिग्डला नावाचा एक छोटा भाग आहे, त्याला सोसायटीचा वॉचमन समजा. काही खुट्ट झालं की शिट्टी मारणं हे त्याचं काम, खरा चोर आहे की मांजर हे तपासत बसणं त्याचं काम नाही. कपाळाच्या मागचा जो मेंदूचा भाग आहे तो म्हणजे घरातलं थोरलं माणूस, "थांब रे, मांजर आहे ते" म्हणणारं. झोप कमी झाली आणि सततची धावपळ असली की हे थोरलं माणूस थकून आत पडलेलं असतं आणि वॉचमन मात्र जास्तच जागा असतो. शिट्टी वाजली की ॲड्रेनॅलिन सुटतं, मागोमाग कॉर्टिसॉल वाढतं (दोन्ही स्ट्रेसच्या वेळी शरीरात सुटणारी हार्मोन्स), छाती धडधडते, आवाज आपोआप चढतो. हे सगळं काही सेकंदात. म्हणून "मी ओरडायचं नाही असं ठरवलं होतं तरी ओरडले" हे वाक्य इतक्या आयांच्या तोंडी असतं. ठरवणारा भाग वेगळा आणि त्या क्षणी गाडी चालवणारा भाग वेगळा.

मोठी संकटं नाहीत, रोजची किरकिर

एक समज असा की स्ट्रेस म्हणजे काहीतरी मोठं, नोकरी गेली, घरात आजारपण आलं वगैरे. पण कीथ क्रनिक आणि मार्क ग्रीनबर्ग यांनी लहान मुलांच्या आयांवर अभ्यास करून 1990 साली जे लिहिलं ते असं की मोठ्या घटनांइतकाच, आणि काही बाबतीत त्याहून जास्त, परिणाम रोजच्या बारीकसारीक कटकटींचा होतो. थेंबे थेंबे तळे साचे हे आपण पैशाबद्दल म्हणतो, इथेही तेच होतं.

कुठले थेंब? मोजे एकाच पायाचे सापडणं. जेवायला पाऊण तास. रात्री नऊ वाजता "आई, उद्या चार्ट पेपर लागणारे" (दुकान साडेआठला बंद झालेलं असतं). व्हॅनवाले काका आज येणार नाहीत. शाळेच्या ग्रुपवर एकशे बारा मेसेज आणि त्यात कुठेतरी एक कामाचा. एकेक सांगायला गेलं तर इतकं क्षुल्लक वाटतं की सांगायचीच लाज वाटते, आणि तिथेच खरी अडचण आहे. मोठं संकट आलं की नातेवाईक धावून येतात, डबे येतात, कोणीतरी मुलाला घेऊन जातं. चार्ट पेपरसाठी कोणी धावून येत नाही. भार साचत राहतो आणि मदत मात्र शून्य, कारण बाहेरून संकट दिसतच नाही.

तराजूची दोन पारडी

बेल्जियममधल्या लुवँ विद्यापीठातल्या दोन बायका, इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायचाक, गेली कित्येक वर्षं याच एका विषयावर काम करतायत. त्यांनी 2018 मध्ये जी कल्पना मांडली ती भाजीवाल्या मावशींच्या तराजूसारखी आहे. एका पारड्यात भार वाढवणाऱ्या गोष्टी, दुसऱ्यात आधार देणाऱ्या. नुसता भार किती आहे यावर काही ठरत नाही, काटा कुठे झुकलाय आणि किती दिवस झुकलेला आहे यावर ठरतं.

भाराच्या पारड्यात काय काय येतं बघा. मूल लहान असणं, आजारी असणं, शिकायला वेगळ्या पद्धतीची गरज असणं. मग मुलाचा मूळ स्वभाव. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या अमेरिकन डॉक्टर नवरा-बायकोने 1956 पासून पुढे कितीतरी वर्षं मुलांचा मागोवा घेतला, आणि तान्ही असल्यापासूनच मुलांचा पिंड वेगवेगळा असतो हे दाखवून दिलं. काही चटकन रुळतात, काहींना नवीन माणूस नवीन जागा म्हटली की वेळ लागतो, आणि साधारण दहातलं एक मूल जन्मापासूनच जास्त तीव्र असतं, झोप अनियमित, रडणं जोरात. ज्यांच्या घरी शांत मूल आलंय ते दुसऱ्यांना सल्ले देतात तेव्हा त्यांना वाटतं ही आपल्या संस्काराची कमाई. मला या गोष्टीचा खरंच राग येतो, कारण तीव्र स्वभावाचं मूल वाढवणारी आई दुप्पट कष्ट करत असते आणि तिलाच चारचौघांत "तुला जमत नाही" ऐकावं लागतं.

याच पारड्यात आपल्या स्वतःकडूनच्या अपेक्षा येतात, आणि माझ्या मते हे सगळ्यात जड वजन आहे कारण ते दिसत नाही. घरचं ताजं, साखर कमी, स्क्रीन नको, आवाज चढवायचा नाही, अभ्यास खेळातून, इंग्लिश उत्तम आणि मराठीही सुटता कामा नये, शनिवारी स्केटिंग रविवारी ॲबॅकस. यातली एकेक गोष्ट चांगलीच आहे. सगळ्या एकाच माणसाने, रोज, न चुकता करायच्या म्हटलं की तराजूची साखळी तुटते.

दुसऱ्या पारड्यात जोडीदाराची साथ, झोप, विश्वासाचं पाळणाघर, जिच्यापाशी रडता येतं अशी मैत्रीण, समजूतदार बॉस, हातात थोडे पैसे, आणि मुलाबरोबरचे आनंदाचे क्षणसुद्धा. ते क्षण म्हणजे या पारड्यातलं खरं वजन असतं, त्यांना कमी समजू नका.

थकवा आणि बर्नआउट यात फरक आहे

बर्नआउट हा शब्द 1974 मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने नोकरीच्या संदर्भात आणला, सेवाभावी दवाखान्यात राबणारे लोक आतून रिकामे होताना बघून. पालकांच्या बाबतीत हाच शब्द वापरतात तेव्हा त्याचा अर्थ "आज फार दमलेय" असा नसतो. त्याच्या चार खुणा आहेत. सकाळी उठल्याउठल्याच, आता दिवसभर मुलाचं करायचंय या विचाराने अंगातलं बळ गेल्यासारखं वाटणं. आईपण किंवा बापपण नकोसं होणं, कशातच आनंद न वाटणं. मुलाचं सगळं करायचं, डबा, आंघोळ, अभ्यास, पण मनाने लांब, मशीनसारखं. आणि चौथी खूण मला सगळ्यात बोचली: "मी अशी नव्हते". आधीची आई आणि आत्ताची आई यांच्यातली दरी स्वतःलाच दिसत असते आणि त्याची शरम वाटते.

हे मनाचे खेळ नाहीत याचा पुरावा केसांत मिळाला. डायबेटिसवाल्यांना माहितीय, एक टेस्ट असते जी गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगते. केसांचंही तसंच आहे, केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि त्यात त्या काळातलं कॉर्टिसॉल साठून राहतं, त्यामुळे तीन सेंटिमीटर केस म्हणजे तीन महिन्यांचा हिशोब. याच बेल्जियन गटाने 2020 मध्ये बर्नआउट झालेल्या पालकांचे केस तपासले तर कॉर्टिसॉल इतर पालकांच्या साधारण दुप्पट निघालं.

मग हे डिप्रेशनच ना? नाही, सारखं दिसतं पण वेगळं आहे. डिप्रेशनमध्ये सगळंच काळवंडतं, काम, मित्र, जेवण, आवडती गाणी. बर्नआउट बऱ्याचदा घरापुरता, मुलांपुरता असतो, तीच बाई ऑफिसात हसतखेळत काम करते आणि घराची पायरी चढताना तिचे पाय जड होतात. अर्थात एकातून दुसऱ्यात जाता येतं. आणि बाळंतपणानंतरचं डिप्रेशन हा तर आणखी वेगळा आजार, आपल्या देशातल्या अभ्यासांचा 2017 मध्ये एकत्र आढावा घेतला तेव्हा त्याचं प्रमाण 22 टक्के निघालं होतं, म्हणजे पाचातल्या एकीपेक्षा जास्त. त्याला डॉक्टर हवा, "होईल हळूहळू" म्हणून सोडायचं नाही.

"आमच्या आईने चौघांना वाढवलं, तिला नाही झाला स्ट्रेस"

हा पहिला आक्षेप, आणि मी तो गांभीर्याने घेते कारण माझी आजीही अशीच होती. पण तराजू आठवा. आजीच्या भाराच्या पारड्यात कष्ट होतेच, पाणी भरणं, दळण, धुणं. पण चार पोरं दिवसभर वाड्यात किंवा गल्लीत हुंदडायची, थोरलं धाकट्याला सांभाळायचं, शेजारची काकू रागवायचीसुद्धा आणि जेवूही घालायची. आणि पोराला किती टक्के पडले यावरून आजीची परीक्षा कोणी घेत नव्हतं. आज टू बीएचकेत एक मूल आणि त्याच्यासाठी खेळगडी, शिक्षक, स्वयंपाकी, ड्रायव्हर सगळं मिळून एक किंवा दोन माणसं. मुलं कमी झाली पण एका मुलामागची माणसं त्याहून जास्त कमी झाली.

2021 मध्ये एक मोठा अभ्यास आला, 42 देश आणि 17,409 पालक. पालकांचा बर्नआउट कुठे जास्त? गरिबी जास्त तिथे असं नाही निघालं. जिथे "ज्याचं त्याने बघावं" अशी समाजाची घडी जास्त, तिथे तो जास्त. आपण मोठ्या शहरांत नेमके त्याच घडीकडे सरकतोय, मुलखापासून लांब नोकऱ्या, आजीआजोबा सांगलीला आणि नातू हिंजवडीला. न्यू जर्सीला असलेल्या माझ्या मामेबहिणीचं तर आणखी अवघड, तिथे बाळंतपणाला आई सहा महिने जाऊन आली की पुढे नवरा-बायको दोघंच.

आणि हो, आजीला स्ट्रेस नव्हता असंही मी म्हणणार नाही. तिची दुपारची अर्धशिशी, "माझं मेलीचं नशीब" म्हणत भांडी आपटणं, एखाद्या पोराला विनाकारण धोपटणं, वड्याचं तेल वांग्यावर काढणं, हे सगळं होतं की. त्याला नाव नव्हतं.

एकत्र कुटुंब हा मात्र रामबाण नाही. घरात माणसं असणं आणि आधार असणं यात फरक आहे. सासूबाई तीन तास नातवाला घेऊन बसल्या तर ते आधाराच्या पारड्यात. त्याच सासूबाई रोज "बारीक झालाय गं हा, तुझं लक्ष नाही" म्हणाल्या तर ते भाराच्या. कित्येक घरात दोन्ही एकाच दिवशी होतं.

"हे शिकलेल्या शहरी लोकांचं फॅड आहे"

शब्द शहरी असेल, गोष्ट नाही. बीडकडून ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्याचा विचार करा, सहाएक महिने लेकरं बरोबर घेऊन फडात जायचं की मागे म्हातारीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवायचं. बरोबर नेलं तर शाळा बुडते आणि फडात साप, कोयता, गाड्या. मागे ठेवलं तर पोरीची काळजी. ती बाई "मला पॅरेंटिंगचा स्ट्रेस आहे" म्हणणार नाही, ती म्हणेल "जीव टांगणीला लागलाय", आणि तिच्या वॉचमनची शिट्टी माझ्यापेक्षा कितीतरी खऱ्या धोक्यावर वाजतेय. शहरात भार अपेक्षांचा जास्त, तिच्याकडे सुरक्षिततेचा आणि पैशाचा. तिला "दीर्घ श्वास घ्या" सांगणं हा तिचा अपमान आहे असं मला वाटतं, तिला पोरांसाठी सुरक्षित जागा हवीय.

"स्ट्रेस आहे म्हणजे ओरडायला, मारायला परवानगी?"

अजिबात नाही. कारण समजणं वेगळं आणि माफी मिळणं वेगळं. उलट कारण समजून घ्यायचं ते याचसाठी, कारण बेल्जियमच्या त्याच संशोधकांना दिसलं की बर्नआउट वाढला की मुलांकडे दुर्लक्ष आणि मारझोड वाढते, आणि सगळं सोडून निघून जावं असे विचार येतात. ज्यांनी कधी मुलावर हात उचलला नसता अशा माणसांकडूनही हे होतं. म्हणून बॅटरी उतरतेय हे आधी कळलं पाहिजे.

बाबांबद्दल इथे थोडं. पुरुषाचा स्ट्रेस बऱ्याचदा स्ट्रेससारखा दिसत नाही. तो गप्प होतो, मोबाइलमध्ये शिरतो, किंवा मुलाच्या गणितावरून एकदम भडकतो. होम लोनचा हप्ता, विरार लोकलचे दोन तास, कंपनीत कपात होणार ही कुजबुज, हे सगळं त्या गणिताच्या वहीवर उतरतं. त्याला विचारणारं कोणी नसतं आणि त्याला सांगायची सवय नसते.

मग माझ्या मुलावर परिणाम होऊन बसलाय का

हा प्रश्न मला त्या रात्री सगळ्यात जास्त छळत होता. पहिली गोष्ट, मुलांना आपला स्ट्रेस कळतो, लपवला तरी. 2014 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला, वर्षा-सव्वा वर्षाच्या बाळांच्या आयांना दुसऱ्या खोलीत नेऊन टीका करणाऱ्या परीक्षकांपुढे भाषण करायला लावलं, आणि मग बाळ परत मांडीवर दिलं. बाळांनी यातलं काही पाहिलं नव्हतं, तरी थोड्या वेळात आईच्या हृदयाच्या ठोक्यांमागोमाग बाळाचेही बदलले.

हे वाचून घाबरायला होतं, मीही घाबरले. पण दुसरी गोष्ट ऐका. एड ट्रॉनिक नावाचे मानसशास्त्रज्ञ आया आणि तान्ही बाळं यांचे व्हिडिओ बारकाईने तपासायचे. त्यांना वाटलं असेल चांगल्या आया बाळाशी सतत जुळलेल्या असतील. निघालं असं की चांगल्या, निरोगी जोड्यासुद्धा साधारण 30 टक्केच वेळ जुळलेल्या असतात. उरलेला वेळ चुकामूक, आई एकीकडे बघते, बाळ दुसरीकडे, आणि मग परत जुळवून घेणं. मूल शिकतं ते या परत जुळवण्यातून, की बिघडलं तरी नीट होतं. त्याच्याही आधी डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी "पुरेशी चांगली आई" अशी कल्पना मांडली होती, मुलाला परिपूर्ण आई लागतच नाही, थोडीथोडी चुकणारी लागते.

म्हणून ओरडून झाल्यावर परत जाणं महत्त्वाचं. लांबलचक माफी नको, रडून मुलालाच आपली समजूत काढायला लावणं तर नकोच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलाला म्हटलं, "काल मी फार जोरात ओरडले. मी दमले होते, पण ती तुझी चूक नव्हती. बाटली कशी सांभाळायची ते आपण मिळून बघू." तो म्हणाला "मला वाटलं तू मला सोडून जाणार." मला वाटतं हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. मी त्या सकाळी बोलायला गेले नसते तर ते त्याच्या मनात तसंच राहिलं असतं.

पारडी हलवायची कशी

सगळ्यात आधी, "सांग ना काय मदत करू" ही मदत नसते. ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 2019 मध्ये घरातल्या न दिसणाऱ्या कामाचे चार भाग सांगितले: काय लागणार ते आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. दुकानातून चार्ट पेपर आणणं दहा मिनिटांचं काम आहे, पण तो लागणार हे डोक्यात ठेवणं चोवीस तासांचं. म्हणून कामं वाटायची तर आठवण ठेवण्यासकट वाटायची. आपल्याकडे काय स्थिती आहे तर केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामात भाग घेणाऱ्या बायका दिवसाला 299 मिनिटं देत होत्या, आणि भाग घेणारे पुरुष 97 मिनिटं, आणि मुळात भाग घेणारे पुरुषच चारातले एक. हा प्रश्न एका घरातल्या भांडणाने सुटणारा नाही हे मान्य, पण एका घरात सुरुवात होऊ शकते.

दुसरं, अपेक्षांच्या ढिगातलं एक वजन ठरवून उचला आणि खाली ठेवा. आम्ही ॲबॅकस सोडलं. जग बुडालं नाही, रविवारची सकाळ परत मिळाली.

तिसरं बोलणं, आणि यावर मला एक अभ्यास फार आवडला. बेल्जियमच्या त्याच गटाने बर्नआउट झालेल्या पालकांचे आठ आठवड्यांचे ग्रुप घेतले. एका प्रकारच्या ग्रुपमध्ये उपाय, युक्त्या शिकवल्या. दुसऱ्यात सल्ला नाही, नुसतं ऐकून घेणं आणि एकमेकांना आधार. दोन्हींचा फायदा झाला, केसांतलं कॉर्टिसॉलसुद्धा उतरलं. म्हणजे मैत्रीण फोनवर रडत असेल तर तिला उपाय सांगायची घाई करू नका, ऐका.

आणि वर सांगितलेल्या चार खुणा आठवडेच्या आठवडे जात नसतील, मुलाला इजा करावी किंवा स्वतःला संपवावं असं मनात येत असेल, तर थांबायचं नाही. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन आहे, नंबर 14416, फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. काय बोलायचं सुचत नसेल तर "मला मुलांचं आता झेपत नाहीये" एवढं एक वाक्य पुरतं, पुढचे प्रश्न ते विचारतात.

आमच्या घरात बाटली, डबा आणि दप्तर आता नवऱ्याकडे आहे, आठवणीसकट. सुरुवातीचे दोन आठवडे मला "घेतली का बाटली" विचारायचा मोह आवरत नव्हता, आता आवरतो. मागच्या मंगळवारी चौथी बाटली हरवली. मी पोळ्या करत होते, मुलाने दप्तर उघडलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "बाबा आला की बाबाला सांगतो." आणि हात धुवायला गेला.